ठसका सोसणारी एजन्सी

जाहिरात एजन्सीचा माणूस आला की सोपानराव त्याला चालू कांडप मशीनशेजारी बसवतात आणि घमेलंभर लाल मिरची आत ओततात. पाहुणा शिंकत, डोळे चोळत बाहेर पळाला की समाधानानं म्हणतात, "बराबर हाय. ठसका सोसत न्हाई, अन् माझा धंदा काय सांगणार?"

कळमनुरीत आमच्या घराला लागूनच त्यांचं मिरची-मसाला कांडप. तयार मसाल्याची पाकिटं आली आणि गिऱ्हाईक आटलं. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर मशीन विकून इकडं या." पुण्याचं नुसतं नाव काढलं तरी सोपानरावांना तकलीफ होते. म्हणून चांगल्या एजन्सीचा शोध सुरू झाला, आणि हिशेबी माणूस म्हणून प्रत्येक मुलाखतीला माझी वर्णी लागली.

माझे प्रश्न साधे. आधी कुणाचं काम केलंत? त्याच्याशी आम्ही बोलू का? जाहिरात बघूनच गिऱ्हाईक आलं, हे ओळखणार कसं? नांदेडचे एक गृहस्थ रुमाल नाकाला लावून टिकले. म्हणाले, "आम्ही रीच देतो."

"रीच म्हंजी?" सोपानराव.

"पोहोच."

"मंग पोहोच पावती कोन देईल?"

ते गृहस्थ परत आले नाहीत.

मग हिंगोलीच्या शीतल मॅडम आल्या. डोळ्यांना धारा लागल्या, तरी जागेवरून हलल्या नाहीत. त्यांनी आधी काम केलेल्या एका भांडीवाल्याचा नंबर दिला, त्यावर मी स्वतः फोन लावला. तो खूश होता. मी मान डोलावली. मॅडमनी जाहिरात वाचून दाखवली, "पाच मिनिटांत मसाला! डबा ठेवा, फोन आला की घेऊन जा."

मला ती एकदम पटली. सोपानराव मात्र भडकले. "पाच मिनिटांत काहून?"

"अहो, लोकांना वेळ कुठं आहे?" मी म्हणालो.

"भाऊ, तुमी मोजता बराबर, पन भलतंच मोजून राहिले. बाया मिरच्या घेऊन यायच्या, आमची मंडळी त्यांना चा द्यायची. मिरच्यांसंगं साऱ्या गावच्या सासवा हितं कांडल्या जायच्या. मंडळी गेली, तवापासून बाया डबा ठेवतात अन् निघून जातात. दिवसभर मशीन बोलतं, मी ऐकतो."

मॅडमनी आपली ओळ खोडली. "मग काय लिहू, काका?"

"लिवा, टाईम लागतो. बसायला या. चा मिळंल."

उशीर होतो अशी जाहिरात करणारा दुकानदार मी आजवर पाहिला नव्हता. तसं मी बोलूनही दाखवलं. सोपानरावांनी त्याच क्षणी मॅडमना काम देऊन टाकलं.

जाहिरात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. त्यानंतर एका दुपारी मी डोकावलो, तर एक बाई पोत्यावर ऐसपैस बसल्या होत्या. हातात चहा. काहीतरी सांगत होत्या, पण मशीनच्या घरघरीत ऐकू येईना. शेवटी ओरडल्या, "लेकीच्या लग्नाचा मसाला हाय, म्हनलं!"

मिरच्या अर्ध्याच कांडून झाल्या होत्या. सोपानरावांनी बटण बंद केलं आणि पोतं ओढून समोर बसले.

"आता सांगा," ते म्हणाले. "कुठं दिली लेक?"