साहेबांना आत्या झाली

"नाही म्हणतोय," ताई म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रीन चावीकाकांकडे वळवला.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे बारीक करून वाचलं. वाचण्यासारखं फार नव्हतंच. आजारी व्यक्ती: आत्या. शुश्रूषा रजा फक्त आई, वडील, जोडीदार आणि मुलं यांच्यासाठी. अर्ज नामंजूर.

"मी एकदा बोलून बघू का?"

"कोणाशी, याच्याशी? तो कोणाचं ऐकत नाही हो. उगाच का त्याला सगळे शहाणा म्हणतात?"

शहाणा म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदींची नवी यंत्रणा. जुन्या यंत्रणेत जे भराल तेवढंच दिसायचं. याचं तसं नव्हतं. याला थोड्या मूळ नोंदी द्यायच्या, अमक्याचे वडील तमके, तमकीचा जन्म अमक्या साली. मग काही नियम द्यायचे, आणि बाकीचं सगळं हा स्वतःच्या डोक्याने काढायचा. कोण कोणाचा मेहुणा, कोणाला कसली रजा, कोणाची कुठे बदली, सगळं. साहेबांनी उद्घाटनाच्या दिवशी पंचवीस मिनिटं भाषण ठोकून सांगितलं होतं, की शहाणा चुकत नाही, माणसं चुकतात. तेव्हापासून शहाण्याने नाही म्हटलेल्या अर्जावर खुद्द साहेबही सही करत नसत.

चावीकाका भांडार सांभाळायचे. कमरेला चाव्यांचा जुडगा, म्हणून चावीकाका. सव्वीस वर्षांत ऑफिसातला प्रत्येक जण त्यांच्याकडे काही ना काही मागायला आला होता, कोणाला बल्ब हवा, कोणाला फायली हव्या. स्वतः मागायची वेळ त्यांच्यावर आज पहिल्यांदा आली होती आणि ते काम त्यांना मुळीच जमत नव्हतं.

"गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे तिच्या," ते म्हणाले. "एक डोळा गेलाच. दुसऱ्याचं आत्ता केलं नाही तर तोही जाईल म्हणालेत डॉक्टर. आणि घरचं माणूस चार दिवस सोबत नसेल तर दाखल करून घेत नाहीत. हा नंबर गेला की पुढचा सहा महिन्यांनी."

"तुमची साधी रजा?"

"मागे ती पडली होती ना, तेव्हाच संपली."

"घरात दुसरं कोणी?"

"दुसरं कोण असणार? तिला मी आणि मला ती. मी दोन वर्षांचा होतो तेव्हा आई गेली, पाठोपाठ वडील. आत्याने मला घेतलं आणि स्वतःच्या लग्नाचं नावच काढलं नाही."

आस्थापना शाखेत वीस वर्षं काढूनही ताईंना अर्जामागचं माणूस दिसायचं, ही त्यांची जुनी अडचण होती.

"म्हणजे आईच की तुमची."

"आईच. पण ते याला कोण सांगणार?"

"मी सांगते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

सोमवारचे चार वाजले होते. ताईंनी काकांच्या नोंदीत आईच्या जागी आत्याचं नाव घातलं. शहाणा म्हणाला, एका माणसाला दोन आया असू शकत नाहीत, एक काढा. ताईंनी जुनी काढली. तिला जाऊन पन्नास वर्षं झालीत, तिला काय फरक पडतो, असा त्यांनी विचार केला. शहाणा म्हणाला, आता आई आणि वडील सख्खे भाऊ-बहीण होताहेत, हे चालणार नाही.

"अरे देवा," ताई पुटपुटल्या. हे मात्र त्याचं बरोबर होतं.

मग ताईंनी ते बहिणीचं नातं पुसायचं ठरवलं. पण नातं कुठे लिहिलेलंच नव्हतं. दोघांचे वडील एक, यावरून शहाण्याने ते आपलं आपण काढलं होतं. म्हणजे आत्याचे वडील बदलायला हवेत. जागा रिकामी ठेवू देईना. नवीन माणूस घालावा तर त्याचा जन्मदाखला मागे. नोंदीतलाच कोणी निवडावा तर वयात बसेना, कारण आत्या बहात्तर वर्षांची, तिचे वडील व्हायला शंभरीच्या आसपासचा माणूस हवा. संपूर्ण ऑफिसच्या नोंदींत त्या वयाचा दुसरा एकच माणूस सापडला. ते होते साहेबांचे आजोबा.

आता कर्मचाऱ्यांच्या नोंदीत साहेबांचे आजोबा आले कुठून? तर फॉर्मवर 'इच्छा असल्यास मागील पिढ्यांची माहिती' असा एक रकाना होता. तो सगळ्यांनी कोरा ठेवला. साहेबांनी मात्र जादा कागद जोडून भरला होता.

"दोन दिवसांचा तर प्रश्न," ताई स्वतःशीच म्हणाल्या. "रजा मंजूर झाली की परत होतं तसं करून ठेवीन." त्यांनी आजोबांवर बोट ठेवलं.

शहाणा लगेच गप्प झाला. 'बदल स्वीकारला. रजेसाठी पात्र. चौदा नवे निष्कर्ष,' एवढंच म्हणाला. ते चौदा कोणते हे ताईंनी पाहिलं नाही. इतका वेळ हुज्जत घालून त्यांचं डोकं दुखायला लागलं होतं. "काका, काम झालं तुमचं," त्या म्हणाल्या, आणि काका चाव्या वाजवत आनंदाने घरी गेले.

ते चौदा निष्कर्ष मंगळवारी सकाळी साहेबांनी वाचले.

आत्या साहेबांच्या आजोबांची मुलगी, म्हणजे ती साहेबांचीही आत्या. तिचा मुलगा चावीकाका, म्हणजे साहेबांचा आतेभाऊ. जवळच्या नातेवाइकाची रजा साहेबांना मंजूर करता येत नाही, म्हणून काकांचा अर्ज वरिष्ठ कार्यालयाकडे, अवधी एकवीस दिवस. साहेबांनी तीन वर्षांत काकांसाठी केलेल्या सगळ्या सह्या संशयास्पद. आणि जवळचे दोन नातेवाईक एका ऑफिसात चालत नाहीत, त्यामुळे ज्याची इथली नोकरी कमी त्याची बदली. काकांची सव्वीस वर्षं, साहेबांची तीन. साहेबांच्या बदलीचा आदेश तयार होता.

दुसरा कोणी असता तर त्याने चूक चूक म्हणून बोंब मारली असती. साहेबांची पंचाईत अशी, की शहाणा चुकत नाही हे त्यांनीच पंचवीस मिनिटं सांगितलेलं. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि घरी आईला फोन लावला.

"आई, एक विचारतो, रागावू नकोस. आपल्या आजोबांना एखादी मुलगी होती का? म्हणजे, बाबांना बहीण?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"मला वाटलंच होतं," आई म्हणाल्या.

"काय वाटलं होतं?"

"दोन वर्षं बदलीवर एकटेच होते तुझे आजोबा. आल्यावर आमच्या सासूबाई महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या म्हणे. का, ते आम्हाला कधी कळलं नाही. आता कळलं. कुठे असते ती?"

अर्ध्या तासाने साहेब स्वतः भांडारात उतरले. तीन वर्षांत ते तिथे कधी आले नव्हते, त्यामुळे चावीकाका नळांच्या तोट्या मोजता मोजता विसरले.

"बसा, बसा," साहेब म्हणाले. "कशा आहेत त्या?"

"कोण, साहेब?"

"तुमच्या मातोश्री. डोळ्यांचं आहे ना? आमच्याकडे सगळ्यांनाच डोळ्यांचं आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्यामुळे माझी बदली होतेय, पण माझ्या मनात काही नाही बरं का. मोठ्यांच्या चुका, आपण काय करणार. आणि आता मी तुम्हाला काका म्हणणं बरं दिसत नाही."

काकांनी मान डोलावली, साहेबांना जिन्यापर्यंत सोडलं आणि थेट ताईंचं टेबल गाठलं. "साहेबांचं डोकं फिरलंय," ते म्हणाले. "त्यांना घरी न्यायला कोणाला तरी बोलवा."

ताईंनी ते चौदा निष्कर्ष उघडले. एकेक वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटच्या निष्कर्षावर काकांनी बोट ठेवलं. तिथे काकांच्या आईचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं: 'या व्यक्तीचं नोंदीतल्या कोणाशीही नातं नाही. काढून टाकायची का?'

"हिला कोणी नाही म्हणतोय?" काकांनी विचारलं.

"काका, मी दोनच दिवसांसाठी—"

"नको ताई. तुम्ही माझ्यासाठीच केलंत, मला कळतंय. पण तिचं माझ्याकडे एवढंच आहे हो, नाव. आत्याला आणायला मी तिला घालवायची, हे आत्यालाही नाही चालायचं. रजा मिळाली नाही तर नाही. तिला आधी जागेवर ठेवा."

ताईंनी डोळे पुसले, शहाणा लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरला फोन लावला आणि सोमवारपासूनचं सगळं त्याच्या कानावर घातलं. तो पोटभर हसला. हसून झाल्यावर म्हणाला, "ताई, तुम्हीच नाही, सगळे हेच करतात. हवा तो निष्कर्ष ठरवतात आणि त्याला पुरतील अशा खोट्या नोंदी शोधत बसतात. एक खोटी ठेवली की तिला टेकू द्यायला दुसरी. त्यापेक्षा खरी असलेली कुठली नोंद भरायची राहिलीय, ते बघा ना."

बुधवारी सकाळी काकांनी घरून एक पिवळा पडलेला कागद आणला. शाळेचा दाखला. पालकाच्या रकान्यात आत्याचं नाव, खाली तिची वळणदार सही. हा कागद सव्वीस वर्षांत कोणी मागितला नव्हता. ताईंनी मग रजेच्या नियमांचं छापील पुस्तक काढलं. नियम सतराच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात टीप होती: आई या शब्दात लहानपणापासून सांभाळ करणारी स्त्रीही धरावी. नियम शहाण्याला सगळे दिले होते. टीप द्यायची राहिली होती, कारण ती देणाऱ्याला दिसलीच नव्हती.

आता हे सगळं साहेबांना सांगणं आलं. ताई केबिनमध्ये उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं बोलून मोकळ्या झाल्या. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

"म्हणजे आत्या नाही?"

"नाही, साहेब."

"आणि बदली?"

"रद्द होईल. पण नवा नियम घालायला तुमची परवानगी लागेल."

"हं. म्हणजे शहाणा चुकला नव्हता."

"नाही, साहेब. माणसंच चुकली."

हे ऐकून साहेबांना जरा बरं वाटलं. त्यांनी परवानगी दिली. फोनवरून प्रोग्रॅमरने टीप घातली, आणि आई एकच असावी हा नियम जन्मदात्या आईपुरता ठेवला. ताईंनी आजोबांना त्यांच्या जागी पाठवलं, काकांच्या आईला तिच्या जागी आणलं आणि पालकाची नोंद भरली. शहाण्याने क्षणभर विचार केला आणि एकच नवा निष्कर्ष काढला. रजा मंजूर.

"ताई," साहेब मागून म्हणाले, "आईला काय सांगू? कालपासून तिचे सगळ्या नातेवाइकांना फोन चाललेत."

ताईंनी नियमांचं पुस्तक मिटून कपाटात ठेवलं.

ऑपरेशन चांगलं झालं. शुक्रवारी दुपारी आत्या डोळ्यावर पट्टी बांधून खाटेवर बसल्या होत्या आणि काका त्यांना रजेचा कागद वाचून दाखवत होते. "आजारी व्यक्तीशी नातं: आई."

"आधी काय होतं?"

"आत्या."

"तेही खरंच आहे की. खोडलं नाही ना?"

"नाही. आता दोन्ही आहे. आणि आईही आहे तिच्या जागेवर."

"मग ठीक," आत्या म्हणाल्या आणि चाचपडत त्यांनी काकांचा हात धरला. तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

तेवढ्यात दारात साहेब आले. हातात सफरचंदांची पिशवी, आणि मागे काठी टेकत त्यांच्या मातोश्री. साहेबांनी काकांना बाजूला घेतलं.

"मी सगळं समजावलं हो तिला," ते हळू आवाजात म्हणाले. "नोंद काढली, बदलीही रद्द झाली, सगळं. ती म्हणते, बदली रद्द करून घ्यायला तूच ती नोंद काढून टाकली असशील."

मातोश्री खाटेजवळ पोचल्या होत्या. त्यांनी आत्याकडे निरखून पाहिलं. "नाक बघ," त्या मुलाला म्हणाल्या. "सासऱ्यांचंच नाक."

"कोण आलंय?" आत्याने विचारलं.

"मी तुमची भावजय, वन्सं. फार उशीर झाला यायला. माफ करा."

आत्यांनी पदर सारखा केला. भावजय जाऊन पन्नास वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्यांना कोणी वन्सं म्हटलं नव्हतं. काका घाईने वाकून त्यांच्या कानाशी गेले. "आत्या, अगं, ती चुकीची नोंद होती. तुला मग सांगतो. यांचा गैरसमज झालाय."

"असेल," आत्याही तितक्याच हळू म्हणाल्या. "मला कुठे आत्ता काही दिसतंय? पट्टी सुटली की बघू." आणि मग मोठ्याने, खाटेवर जागा करत, "बसा वहिनी, अशा इथे बसा."

दोघी शेजारी शेजारी बसल्या. मातोश्रींनी सासऱ्यांच्या तापटपणापासून सुरुवात केली आणि आत्या ते मन लावून ऐकू लागल्या. काकांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी काकांकडे.

मग साहेबांनी पिशवी उघडली आणि, शहाण्याला न विचारता, खाटेपाशी वाकून म्हणाले, "आत्या, सफरचंद कापून देऊ का?"