मेहबूबने न फोडलेला दगड

ज्या दिवशी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले, त्या दिवशी मामांच्या कचेरीचेही झाले. मामांनी मुंबई राज्यात जायला नकार दिला.

मामा भूगर्भतज्ज्ञ. धरणाच्या जागी यंत्राने भोक पाडून दगडाच्या लांब कांड्या बाहेर काढत. कांडीतली चीर मुळातली की यंत्राने पाडलेली, हे मामा ठरवत. जुन्या चिरेत माती, गंज सापडतो. नवी स्वच्छ असते. ही खोड बाहेरही सुटत नसे. बेगम बाजारात ते फुटक्या बरणीचे तुकडे जुळवत, कडेवरून बोट फिरवत आणि दुकानदाराला सांगत, "ताजी आहे. तुमच्याच माणसानं आपटली." मी त्यांच्याकडे राहून कॉलेजात शिकत होते. लाजेनं मी पलीकडच्या दुकानात हळदीचा भाव विचारत उभी राही. मामीनं एकदा मोडका पापड वाढला, तर त्याचाही निकाल लागला: "भाजण्याआधीच मोडलाय."

"गिळा आता," मामी म्हणाली.

मामीचं माहेर नांदेडला. ती चिडून विचारी, "सगळी मराठी माणसं चालली. तुमचं इथं काय पुरलंय?"

मामा सायकल काढून बाहेर पडत.

न जाण्याचं कारण त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी, सायकल हातात धरून हैदराबादेतल्याच काचीगुड्याकडे चालताना सांगितलं. मेहबूब नावाच्या ड्रिलरने काढलेली कांडी तुकडे होऊन आली. चिरा स्वच्छ. मामांनी शेरा मारला, निष्काळजीपणे फोडली. मेहबूबला काढलं. पुढं शेजारच्या भोकात त्याच खोलीवर तशाच चिरा निघाल्या, पिवळ्या मातीनं भरलेल्या. मेहबूबच्या कांडीतली माती यंत्राच्या पाण्यानं धुऊन गेली होती. मामा साहेबांकडे धावले. साहेब सामान बांधत होते. "उद्यापासून ही कचेरीच नाही. शेरा बदलून पाठवू कुणाला?"

मेहबूबचाचा आता काचीगुड्यात सायकली दुरुस्त करत. मामा दर शुक्रवारी तिथं जात, सायकलच्या टम्म फुगलेल्या चाकात आणखी हवा भरून घेत आणि काही न बोलता परतत.

त्या दिवशी माझ्यासमोर बोलले. "मियाँ, वो पत्थर पहले से टूटा था. तुम नहीं तोड़े. मैं गलत लिखा."

चाचांचा पंप थांबला. "इत्ता बोलने कू इत्ते साल, साब?"

"शरम आती थी."

"मेरेकू भी आती थी. मोहल्ले में सब बोलते थे, सरकारी काम बिगाड़ के आया." मग त्यांनी समोरच्या हॉटेलाकडे बोट केलं. "चाय बोलूँ?"

मामांनी सायकल भिंतीला टेकवली.

यंदा मामा वारले. मामी नांदेडला गेली. चाचा आहेत. शुक्रवारी मी त्यांच्याकडे जाते; ते चहा सांगतात.