आक्काच्या खोलीचा निळा

ज्या वर्षी आमच्या धाकटीला जुळी झाली, त्याच वर्षी मी घराचं रंगकाम काढलं. दोन्ही गोष्टींनी घर सारखंच हादरलं. फरक एवढाच, की जुळ्यांची कल्पना डॉक्टरांनी आधी दिली होती.

तसं पाहिलं तर आमच्या घरात रंग निवडायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. उभा जन्म मी कापड गिरणीच्या रंगखात्यात काढलाय. रंगाच्या हौदातून तागा बाहेर आला की साहेब मला बोलावत. मी ओलं कापड खिडकीशी न्यायचो, अंगठ्याच्या नखावर ताणून बघायचो आणि सांगायचो, लाल थोडा चढलाय. मग यंत्रावर तपासायचे आणि लाल चढलेलाच निघायचा! सगळं खातं मला ‘डोळा’ म्हणायचं. डोळा आला का, डोळा जेवायला गेला का. अशा माणसाने खोलीचा रंग निवडायचा म्हणजे पहिलवानाने लोणच्याची बरणी उघडण्यापैकीच काम.

आणि या वेळी काम साधं नव्हतं. आक्का यायची होती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा मला तिनेच वाढवलं. पुढे सासरी दिरांची पोरं वाढवली. आता ती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती आणि त्या वर्षात जिन्यावरून दोनदा पडली होती. आमच्याकडे ये म्हटलं की म्हणायची, कुणाच्या घरात कोपरा धरून बसणार नाही. शेवटी मी म्हटलं, कोपरा नाही, अख्खी खोली देतो, आतून कडी असलेली. जन्मात तिला स्वतःची खोली मिळाली नव्हती.

“महिनाभर बघते,” ती म्हणाली. “नाही करमलं तर परत जाईन. मग मला पुन्हा बोलवायचं नाही.”

रंग कुठला हवा विचारलं, तर उत्तर तयार होतं. जणू कुणीतरी विचारेल म्हणून साठ वर्षं थांबली होती.

“निळा. पण पांढऱ्या कपड्याला नीळ दिल्यावर उतरतो ना, तेवढाच. त्याहून टिचभर जास्त नको.”

बायको धाकटीच्या बाळंतपणाला गेली होती. परत येताना ती आक्काला घेऊनच येणार होती. थोरला मुलगा दिवसभर ऑफिसात. म्हणजे घरात मी आणि पेंटर. म्हटलं, दोघीजणी दारात उभ्या राहतील तेव्हा थक्क झाल्या पाहिजेत. तेवढं मात्र झालं.

पेंटरने रंगांचं कार्ड आणलं. मी लिहायला-वाचायला शिकलो पन्नाशी उलटल्यावर, त्यामुळे छापलेलं काही हातात आलं की पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचतो. त्या कार्डावर पहाटेचं दव होतं, शिंपल्याचं स्वप्न होतं, हळवा वारा होता. निळा कुठेच नव्हता. मी कार्ड बाजूला ठेवलं आणि पेंटरला सांगितलं, भिंतीवर पट्टे ओढ, आपण डोळ्याने ठरवू.

त्याने पहिला पट्टा ओढला. मी खिडकी उघडली, मान तिरकी केली आणि म्हटलं, हा तर पांढरा आहे.

पेंटरने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काका, निळा आहे, असं म्हणाला. मी त्याला रंगखात्याची हकिगत सांगितली. ती सांगायला मला बराच वेळ लागतो. ऐकून झाल्यावर त्याने मुकाट्याने दुसरा पट्टा ओढला. तो मला पिवळट दिसला. तिसरा मळकट. चौथ्याला मी म्हटलं, हां, आता कुठे निळ्याची चाहूल लागतेय, पण अजून ओत. पाचव्यानंतर पेंटर दुकानात जाऊन आला आणि म्हणाला, दुकानदार विचारतोय, पोहण्याचा तलाव कुठेशी आहे? मी मनसोक्त हसलो. दुकानदारही गमत्या दिसतो, म्हटलं.

सहावा पट्टा बरोबर उतरला. फिकट, शांत, नुकता धुतल्यासारखा. अगदी आक्काने सांगितलेला! मी पेंटरच्या पाठीवर थाप मारली. तो एवढंच म्हणाला, “काका, घर तुमचं.”

दोन हात मारून झाले. खिडकीवरून चाललेले शेजारचे पोस्टमास्तर थबकले, गजांना धरून आत बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, बालवाडी काढताय की काय? त्यांना रंगातलं काय कळणार, म्हणून मी सोडून दिलं. संध्याकाळी थोरला आला. खांद्यावरची बॅग तशीच ठेवून दारात उभा राहिला. मग आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, “बाबा, हा पहिला हात आहे ना? यावरून खरा रंग लागायचाय ना?”

मी म्हटलं, हाच खरा. तो बाहेर जाऊन आईला फोन करू लागला. फोनवर तो काय बोलत होता ते ऐकू आलं नाही, पण तिचं “काय?” मला इथवर ऐकू आलं. फोन त्याच्या कानाला होता तरी!

दुसऱ्याच दिवशी दोघी आल्या. बायकोने खोलीत पाऊल टाकलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि तोंडावर पदर घेतला. थोरला आढ्याकडे बघत होता. काठी टेकत मागून आक्का आत आली. मधोमध उभी राहिली. चारी भिंती सावकाश बघितल्या. मला वाटलं, आता ही म्हणणार, मला गाडीत बसवून द्या.

“सांगितला तस्साच,” आक्का म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. “टिचभरसुद्धा जास्त नाही रे.”

मी सगळ्यांकडे पाहिलं. विजयाने पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते, पण त्यात कौतुक नव्हतं.

बायको गेली आणि कपाटातून माझे दोन शर्ट घेऊन आली. मला आणि आक्काला पलंगावर शेजारी शेजारी बसवलं, शाळेत बसवतात तसं. आणि विचारलं, यातला पांढरा कुठला?

“दोन्ही,” मी म्हणालो.

“दोन्ही,” आक्का म्हणाली.

थोरला खुर्चीवर बसला. एक शर्ट, मला नंतर कळलं, लिंबासारखा पिवळा होता. तो घालून मी दोन लग्नांना आणि एका शोकसभेला जाऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्हा भावंडांची वरात नेत्रतज्ज्ञाकडे. डॉक्टरीणबाईंनी चारी डोळ्यांत दिवा मारून पाहिलं आणि सांगितलं, मोतीबिंदू आहेत, चारी पिकलेत. जगाकडे तुम्ही कितीतरी वर्षं पिवळ्या काचेतून बघताय. निळा तर तुमच्यापर्यंत पोचतच नसणार. मग सहज म्हणून विचारलं, आजोबा, काम काय करायचात? मी म्हटलं, रंग जुळवायचो. बाईंना खोकल्याची उबळ आली. त्यांनी बराच वेळ पाठ फिरवली होती.

आक्काचं ऑपरेशन आधी झालं, उजव्या डोळ्याचं. काळा चष्मा लावून ती घरी आली तेव्हा मी तिला खोलीत जाऊच देत नव्हतो. बाहेर बस, चहा घे, रेडिओ ऐक. पण तिला आतून कडी लावून पडायचं होतं. ती आत गेली. पलंगाशी उभी राहून तिने चष्मा काढला.

मी दारातून डोकावलो. आक्का भिंतीला हात लावून बघत होती, भाजतंय का ते बघावं तशी.

“हे तू केलंस?”

“हो.”

“शुद्धीत?”

मी खाली मान घातली. महिना भरायला अजून चार दिवस होते आणि तिची पेटी पलंगाखालीच होती. मी घाईघाईने म्हटलं, उद्याच पेंटरला बोलावतो. नवे पट्टे ओढायला लावतो. या वेळी बायको बघेल, मी भिंतीकडे पाठ करून बसेन. पण जाऊ नकोस.

आक्का पलंगावर बसली. पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं आणि अंग शहारून तळहाताने उजवा डोळा झाकला. बऱ्याच वेळाने तिचा चेहरा निवळला.

“आहे की,” ती म्हणाली. “या डोळ्याला अजून आहे.”

“काय आहे?”

“माझा निळा. पेंटर-बिंटर नको. आणि त्या बाईंना सांग, डावा डोळा करायचा नाही. तो मी या खोलीसाठी ठेवलाय.”

आम्ही सगळ्यांनी तिला परोपरीने समजावलं. ती म्हणाली, जन्मात एकदा मला हवं ते हवं तसं मिळालंय, आता त्याला कुणी हात लावायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी फोन करून मला विचारलं, आजी असा हट्ट का करतात? मी खरं ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, अहो, खोलीचा रंग बदला ना! मी म्हटलं, बाई, आठवडाभर मी दुसरं काय सांगतोय?

पेटी पलंगाखालून निघालीच नाही. घरभर वावरताना आक्का उजवा डोळा वापरायची आणि खोलीचा उंबरठा ओलांडला की तो मिटून डावा उघडायची. पुढे पुढे त्यात इतकी सफाई आली, की खिडकीवरून जाणाऱ्या पोस्टमास्तरांना वाटलं, त्या आपल्याला डोळा मारतात. ते इस्त्रीचे शर्ट घालून दिवसातून तीनदा चकरा मारू लागले. मी त्यांना शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. बालवाडीचं मी विसरलो नव्हतो.

माझे मात्र दोन्ही डोळे झाले. पट्टी निघाल्यावर मी प्रथम ती खोली पाहिली आणि ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “आत्ता पोचला वाटतं निळा!” नंतर कळलं, की मी क्रीम समजून लावलेलं स्वयंपाकघर दवाखान्यासारखं पांढरंफेक आहे. आरशातही पाहिलं. त्याबद्दल लिहीत नाही.

खोलीचा रंग अजून तोच आहे. थोरला दर वर्षी पेंटरला विचारतो. पेंटर म्हणतो, तो निळा कशानेच झाकला जाणार नाही. दुपारचा मी तिथेच बसतो, आक्काचा काळा चष्मा लावून. माझ्याकडे डावा डोळा उरलेला नाही ना.

जुळी पहिलीत गेली त्या वर्षी आक्का वारली. उन्हाळ्यात, दुपारी, त्याच खोलीत, आतून कडी लावून.