मास्तरची लेकरं कुठं शिकतात?

भागुजी खोली बघायला आला तेव्हा त्यानं खोलीकडं बघितलंच नाही. दारात उभा राहिला, खोलीकडं पाठ केली आणि रस्त्याकडं तोंड करून म्हणाला, "आबा, इथून शाळंची घंटा ऐकू येती का?"

मी म्हणालो, "येती. पण तू पाण्याचं विचार. नळ दिवसाआड येतो."

"पाण्याचं बघू. मधल्या सुट्टीची बी येती का नुसती भरायचीच?"

माझी बायको आतून ओरडली, "अहो भाऊ, खोली तरी बघा. मागच्या भिंतीचे पोपडे निघालेत, उंदरं हायेत. मागून म्हणू नका सांगितलं नाय म्हणून."

"वैनी, च्यार भिंती सगळ्याच घराला असत्यात," असं म्हणून त्यानं पिशवीतून स्वतःचं कुलूप काढलं आणि आमचं हो-नाही व्हायच्या आत दाराला लावलं सुद्धा.

खरं तर भागुजीचं हे सगळं माझ्या बायकोनं सांगावं. तिला त्याची नक्कल चांगली यायची. ती गेली, आता मीच लिहितो. मी शाळेत दोन वर्षं गेलो, ती पण उर्दूत. मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली आणि नव्या मास्तरानं मला परत पहिलीत बसवलं. मी पाटी घरी आणली ती पुन्हा नेली नाही. मराठी वाचायला पुढं पाणीपुरवठ्याच्या नोकरीत शिकलो, व्हॉल्व फिरवता फिरवता. तेव्हा चुका सापडतील. सापडू द्या.

आमचं घर हर्सूलला. भागुजी कामाला वाळूजला, एका कारखान्यात प्रेस मशीनवर. म्हणजे शहराच्या एका टोकाला पोट आणि दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड. कोंबडा आरवायच्या आधी सायकल काढायचा, क्रांती चौकापर्यंत यायचा, तिथून कंपनीची बस. मी एकदा म्हणालो, "गाढवा, कारखान्याच्या दारात खोल्या मिळतात. इथं काय सोनं पुरलंय?"

"आबा, तिथं रान चांगलं नाय."

शाळेला तो रान म्हणायचा. बिऱ्हाडाला तळ म्हणायचा. जात धनगराची, बाप मेंढरं वळायचा. बापाची एक रीत होती, ती भागुजीनं मला इतक्या वेळा सांगितली की मला पाठ आहे. परमुलखात मेंढरं नेली की गवताकडं बघायचं नाही. गवत काय, कुठं पण हिरवं दिसतं. त्या गावच्या मेंढक्याची स्वतःची मेंढरं कुठं चरतात ते बघायचं. चांगलं गुडघाभर गवत आणि गावातलं एक कोकरू तिकडं फिरकत नसलं, तर समजायचं की तिथं इख आहे, म्हणजे विष.

ही रीत त्यानं शाळेला लावली. मास्तरची लेकरं कुठं शिकतात, तेवढं बघायचं. निकाल, इमारत, गणवेश, सगळं गवत.

आता ही रीत ऐकायला बरी आहे. चालवायला घेतली की माणसाचं काय होतं ते सांगतो. त्याचं पहिलं बिऱ्हाड रांजणगावला होतं. पोरगी कला पहिलीत गेली. मास्तरची लेकरं तिथं नव्हती, ती छावणीतल्या शाळेत होती. भागुजीनं बिऱ्हाड उचललं आणि छावणीत गेला. छावणीतल्या मास्तरची लेकरं उस्मानपुऱ्यात निघाली. उस्मानपुऱ्याच्या बाईंची गारखेड्यात. गारखेड्याच्या मास्तरची सिडकोत. दरवेळी हा गडी टेम्पो करून मागं. पोरगी चौथीत येईस्तोवर शहराला अर्धा वळसा झाला होता.

बरं, विचारून विचारणार कोणाला? मास्तर स्वतः कसा सांगेल? म्हणून हा शाळा सुटली की सायकलवर मास्तरच्या मागं मागं त्याच्या घरापर्यंत जायचा. सिडकोतल्या एका हेडमास्तरच्या घरी तीन संध्याकाळी जाऊन समोर उभा राहिला. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरच्या बायकोनं त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, पोहे दिले.

भागुजी म्हणाला, "लेकरं कुठं शिकत्यात आपली?"

बाई म्हणाल्या, "मोठी बी.ए. झालीय. शिवणकाम येतं. स्वभावानं शांत आहे."

"आन धाकटी?"

बाईंचा चेहरा उतरला. "धाकटी अजून लहान आहे हो. आधी मोठीचं बघा ना."

तो पोहे संपवून उठला. मुलाकडची माणसं आली होती आणि काही न सांगता गेली, म्हणून त्या घरात दोन दिवस रडारड होती असं त्याला पुढं कळलं. माझी बायको हे सांगताना दर वेळी भागुजीनं खाल्लेल्या पोह्यांची एक बशी वाढवायची.

त्याच सिडकोच्या शाळेत त्याला कळलं की एका मास्तरचं पोरगं हर्सूलच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतं. कारण पोराची आई तिथंच बाई आहे. आणि पोरगं तिच्याच वर्गात बसतं, चौथीत.

भागुजी येडा व्हायचा राहिला होता. "आबा, मेंढक्यानं सोताचं कोकरू सोताच्या कळपात ठिवलंय! ह्याच्या फुडं रान नाय."

असा तो आमच्याकडं आला. कला चौथीत बसली, पुढं पाचवीत गेली, वर्ग बाईंकडंच राहिला. गल्लीत भागुजीचं नाव झालं. कोणाचा पाहुणा बदली होऊन औरंगाबादेत आला, तेव्हा शहराचं नाव तेच होतं, की त्याला आमच्या ओट्यावर आणायचे. "भागुजी, कोणत्या भागात घर घ्यावं?" हा डोळे बारीक करून सांगायचा. सुटताना शाळा बघू नका, सुटताना सगळीच पळत्यात. भरताना बघा. मास्तर पोरांच्या आधी येतो का मागून, ते बघा. आणि शेवटी बोट वर करून, "मास्तरची लेकरं?"

त्याची बायको पारू फार बोलायची नाही. पण एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "वैनी, ह्या माणसानं मेंढरं इकली, पण चालायचं काय सोडलं नाय." भागुजी ओट्यावरच होता. ऐकून न ऐकल्यासारखं करून सायकलची चेन बघत बसला.

मला विचाराल तर मला त्याच्या रीतीचा कंटाळा यायचा. माणसानं एका ठिकाणी बूड टेकावं. पण मी कशाला बोलू? मला पोरगं ना पोरगी.

दीड वर्ष बरं गेलं. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली आणि तिसऱ्या दिवशी भागुजी तोंड पाडून आला. घरात मयत झाल्यावर माणूस येतो तसा.

"आबा, बाईंचं पोरगं गेलं."

माझ्या बायकोच्या हातातलं सूप खाली पडलं. "अगं बाई! कशानं?"

"कशानं म्हंजी? बसनं. विंग्रजी शाळंची बस येती दारात, तिच्यात बसून गेलं. म्या सोता पाह्यलं."

तिनं त्याला जी शिवी दिली ती मी लिहीत नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो त्या बसच्या मागं सायकल घेऊन फिरून आला. त्या शाळेत पाचवीचा एक मराठी वर्ग पण होता म्हणे, आणि तिथं जवळच एक खोली पण मिळाली. रविवारचा टेम्पो ठरला. कला त्या दिवसापासून जेवायला बोलावलं की येई, जेवे आणि उठे. रुसली नाही, रडली नाही. रडली असती तर बरं, असं माझी बायको म्हणायची. "ती पोरगी सवय करून घ्यायली," म्हणायची.

शनिवारी सकाळची शाळा. दाखला काढायला भागुजीनं मला बरोबर नेलं, कागदावर काय लिहिलंय ते वाचायला. माझ्याहून कमी वाचणारा मला तो एकटाच भेटला. कला मागं दप्तर घेऊन उभी. हेडमास्तरांनी बाईंना बोलावलं. भागुजी सरळ बोलला.

"बाई, लेकरू का काढलं? खरं सांगा. काय खराब हाय हितं?"

बाई म्हणाल्या, "काही खराब नाही. तो वर्गात मला आई म्हणायचा, मुलं हसायची. मग मी त्याला बाई म्हणायला लावलं. लोक बोलू नयेत म्हणून सगळ्यात जास्त छड्याही त्यालाच दिल्या. तो घरीसुद्धा मला बाई म्हणायला लागला. मग काढला. तुम्ही त्याच्यावरून शाळा ठरवली होती होय? मला विचारायचं तरी."

भागुजी खाली बघत होता. पण त्याचं डोकं मेंढराचंच. एकदा वळलं की वळलं. "तरी पण दाखला द्या. खोली ठरली, टेम्पो ठरला."

हेडमास्तरांनी कपाटातून कलाचे जुने दाखले काढले. गळक्या छतानं त्यावरची शाई पसरली होती. त्यांनी तिलाच विचारलं, "सांग बरं बाळ, आधी कोणती शाळा, मग कोणती?"

कला पाढे म्हणावे तसं म्हणाली, "पहिल्या शाळेत मंदा. मग छावणीत रोझी. मग वैशाली. मग एक जोशांची सुनीता. मग सिडकोत लता."

हेडमास्तर म्हणाले, "अगं, शाळेचं नाव विचारतोय."

"शाळांची नावं नाय ध्यानात. बाजूला बसायच्या त्या पोरींची हायत."

बाहेर पहिलीची पोरं बाराखडी ओरडत होती. भागुजीनं मान वर केली आणि पोरीला विचारलं, "आन हितं कोण बसती गं?"

"शबाना."

"शबाना," तो म्हणाला. आणखी एकदा म्हणाला. मग मला म्हणाला, "चला आबा." दाखल्याचा अर्ज तसाच टेबलावर राहिला.

रस्त्यात तो सायकल हातात धरून चालत होता. हर्सूल तलावाच्या वळणापाशी म्हणाला, "बाप मला ज्या गावी तळ पडंल त्या गावच्या शाळंत बसवायचा. आठ दिवस, पंधरा दिवस. कदी दारात, कदी खिडकीखाली. सात-आठ गावं झाली आसतील. आबा, मी आत्ता हितं चालता चालता आठवून पाह्यलं. येका पोराचं नाव येत नाय. येकाचं बी."

मी म्हणालो, "लहान होतास."

"कला काय मोठी हाय का?"

रविवारी टेम्पो आला. पारूनं टेम्पोवाल्याला चहा पाजला आणि टेम्पो रिकामा पाठवला.

संध्याकाळी भागुजी धुतलेला सदरा घालून निघाला, मला पण घेतलं. शबानाच्या बापाचा आमच्या मागच्या अंगाला जामाचा बाग होता, पेरूला आम्ही जाम म्हणतो. तो माणूस टोपल्या भरत होता. त्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. भागुजीनं आधी बाग बघितला, मग घराच्या भिंती हात लावून बघितल्या, आढं बघितलं. आमच्या खोलीत दीड वर्षात एवढं बघितलं नव्हतं.

"क्या भाई, मकान लेना क्या?" त्या माणसानं विचारलं.

"नाय, नाय. घर नाय घ्यायचं," भागुजी म्हणाला. घसा खाकरला. "तुम्ही इकून कुठं जायचं तं नाय ना? बदली, भाऊबंदकी, काय?"

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. मग तो बागेच्या पलीकडं बोट दाखवून म्हणाला, "बाप-दादा की कबराँ यहाँ हैं. हम कां जाते?"

भागुजीनं ते नीट ऐकून घेतलं. कबरी किती आहेत तेही विचारलं. मग खाली बसला आणि म्हणाला, "मग च्या घेऊ थोडा."