आधी माणूस, मग चिवडा

आमच्या तारनाक्याला चिवडा घ्यायला गेलात तर आधी चार पावलं मागं सरकावं लागतं. टेबलापुढं खडूची रेघ मारलेली असते आणि रेघेपलीकडून सोनकांबळे काका ओरडतात, "आधी माणूस, मग चिवडा!" याचा अर्थ त्यांनाच ठाऊक. गिऱ्हाईक मात्र गुमान मागं होतं.

काका रेल्वेतून रिटायर झालेले, माझे शेजारी. विहारातली पोरं अभ्यासिकेसाठी महिन्यातून एका रविवारी स्टॉल लावतात आणि त्यांची राखण काकांनी स्वतःच अंगावर घेतलीय. उकळतं तेल नको म्हणून भजी बंद. पोरं कायम जोडीनं. छातीवर नावाची चिठ्ठी लावायची नाही. कुणी "बेटा, कहां रहते?" विचारलं तर पोरांनी सांगायचं, "यहींच, स्टॉल पे." एकदा एका बाईंनी पोरींचा फोटो काढायला मोबाईल उचलला, तर काका मधे उभे. "मेरा लेलो अम्मा, मैं भी अच्छाच दिखतूं." त्या बिचारीनं खरंच काढला.

"काका, लाइट लो ना," माझी लेक आर्या वैतागते. काका कसले लाइट घेतात! टोपी सरळ करून पुन्हा पोरं मोजायला लागतात.

सगळ्यात कडक नियम गाड्यांचा. काच खाली करून कुणी कितीही हाका मारल्या तरी पोरांनी गाडीपाशी जायचं नाही; ज्याला हवंय त्यानं उतरून यावं. पण पांढरी गाडी थांबली की काका स्वतःच पळतात, हातात दोन पुड्या घेऊन. वाकून आत बघतात आणि पाय ओढत परत येतात. माझी जीभ कुठं गप्प बसते? एकदा म्हटलंच, "का हो काका, काळ्या गाडीवाल्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

काका हसले नाहीत. घरी आल्यावर आर्यानं मला चांगलं झापलं. काकांचा मुलगा मिलिंद शहराच्या दुसऱ्या टोकाला, गचीबावलीला राहतो, पांढरी गाडी चालवतो. काकू गेल्या तेव्हा तो बापाला न्यायला आला होता. काका म्हणाले, "स्वतःचं घर सोडून तुझ्याकडं पाहुणा होऊ?" शब्दानं शब्द वाढला. तेव्हापासून दोन वर्षं झाली, ना फोन ना फेरी. आर्याकडून शिकून काका दर स्टॉलला त्याच्या मोबाईलवर जागेचा नकाशा पाठवतात. तो बघतो, पण उत्तर देत नाही. हे ऐकलं आणि माझी मलाच लाज वाटली.

मागच्या रविवारी रस्त्यापलीकडं पांढरी गाडी थांबली. रहदारी फार, म्हणून मीही काकांच्या मागं गेले. आत एक तेलुगू माणूस होता, शेजारी त्याचा म्हातारा बाप.

"नरम है क्या अंकल?" त्यानं विचारलं. "नान्ना के दांत नहीं हैं."

काकांनी तिथंच पुडी फोडली आणि पातळ पोह्यांचा चिवडा म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला. म्हातारा चघळत मान डोलवायला लागला. मुलानं हात पुढं करून बापाच्या शर्टावर सांडलेले पोहे झटकले. एवढंच. काका बघतच राहिले. मागून हॉर्नवर हॉर्न वाजत होते, तरी हलेनात. शेवटी मीच दंडाला धरून त्यांना अलीकडं आणलं.

टेबलापाशी आल्यावर त्यांनी तोंडावर पाणी मारलं, दोन पुड्या पिशवीत घातल्या.

"सुनंदा, आज पोरांकडं तू बघ. गचीबावलीची बस कुठून मिळते गं?"

आजवर स्टॉल आवरल्याशिवाय हा माणूस चहालासुद्धा हलला नव्हता.

"आधी फोन तरी करा काका. घरी नसला तर?"

"दारात थांबीन की," काका म्हणाले. "दोन वर्षं रस्त्यावर थांबलोच ना."