पडीक जमिनीचं अनुदान

मंडळी, एका बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही. काहीही न पिकवणं! वर्षानुवर्षं शेती करतोय, पण हाताला काही लागेल तर शपथ. त्यामुळे ‘जो वर्षभर जमीन पडीक ठेवेल त्याला अनुदान’ असं सरकारने जाहीर केलं, तेव्हा मला वाटलं, ही योजना कुणीतरी मला समोर बसवूनच आखली आहे!

“पैसे आले की आधी स्वयंपाकघराचं छप्पर,” मी बायकोला वचन दिलं. ते इतकं गळतं की पाऊस आला की ती स्वयंपाक करते आणि मी तिच्या डोक्यावर छत्री धरतो.

“जमेल ना तुम्हाला?”

“अगं, नुसतं बसून तर राहायचंय. त्यात मी कधी कमी पडलोय?”

“ते मात्र खरं हो.” तिने इतक्या पटकन मान्य केलं की मला वाईटच वाटलं.

आदल्या वर्षी कसेबसे आलेले आमचे किडके टोमॅटो कुणी घेतले नाहीत म्हणून शेतातच सडले होते, हे मी साफ विसरलो होतो. एका सकाळी पाहतो तर काय, शेतभर टोमॅटोची रोपं! विकतचं बियाणं कधी धड उगवलं नाही, आणि हे फुकटचं तरारून वर आलेलं!

“आबा, सगळं उपटून टाका,” मी वडिलांना सांगितलं. ते संध्याकाळी परतले.

“उपटलं?”

“पाणी घातलं.”

“आबा!”

“अरे, माना टाकल्या होत्या बिचाऱ्यांनी. उपाशीपोटी कसं उपटू?”

मग बायकोला पाठवलं. तिने रोपांभोवतीचं तण तेवढं काढलं आणि म्हणाली, “आता मोकळं झालंय. तुम्हाला उपटायला सोपं जाईल.” असं करता करता रोपांना फळं धरली. शेवटी मीच तावातावाने गेलो. पहिलंच रोप भाराने वाकलेलं. मन घट्ट केलं, हात घातला... आणि भानावर आलो तेव्हा शेवटच्या रोपाला आधाराची काठी बांधत होतो! कपाळाला हात लावून बांधावरच बसलो. अक्षरशः रडू येत होतं हो.

दुसऱ्याच दिवशी तपासणीचे साहेब हजर.

“हे काय आहे?”

“साहेब, आपोआप उगवलं हो!”

“अस्सं! आणि काठ्या? त्याही आपोआपच उगवल्या?”

साहेब डाफरत होते, पण त्यांची बोटं मात्र जवळच्या रोपाची जादा फूट, फळं मोठी व्हावीत म्हणून खुडतात तशी, अलगद खुडत होती.

“साहेब, तुम्हीसुद्धा...”

त्यांनी झटकन हात खिशात घातला. “घरची शेती होती आमची. अनुदान रद्द!”

माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. “पुढच्या वर्षी टोमॅटो पिकवणाऱ्यांसाठी अनुदान आहे. त्यात या. हात चांगला आहे तुमचा.”

जन्मात पहिल्यांदा असं कुणी म्हणालं होतं. मला भरून आलं. टोमॅटो त्या वर्षी सगळ्यांचेच उदंड झाले आणि बाजारात कुणी ढुंकून पाहिलं नाही, तरी मी त्या एका वाक्यावर वर्ष काढलं.

पुढच्या वर्षी उत्तम बियाणं आणलं, रोपवाटिका केली, तिघेही मरमर राबलो. उगवलं काय? गवत! कमरेएवढं गवत, त्यात रानफुलं, त्यावर फुलपाखरं. टोमॅटो औषधालाही नाही. मला तर शेताकडे बघवेना.

साहेब आले. मी खाली मान घालून उभा. ते मात्र बांधावरून पाहतच राहिले, डोळ्यांत चक्क कौतुक!

“वा! इतकी सुंदर पडीक जमीन मी उभ्या जिल्ह्यात पाहिली नाही. अहो, त्या योजनेत का नाही राहिलात?”

तेवढ्यात टपटप थेंब पडायला लागले आणि घरातून हाक आली, “अहो, छत्री!”

मी गेलो.