बोलक्या मशीनपुढं आबाराव

आपल्या मुलासाठी, बुद्धघोषसाठी, सांगून आलेली मुलगी रविवारी रीतसर बघायची होती, पण मुक्ताबाईंना तेवढा धीर निघेना. पोह्यांची बशी हातात असताना सगळ्याच मुली गोड बोलतात, असं त्यांचं म्हणणं. ही श्रावस्ती धाराशिवच्या एका सुपरमार्केटात बिलिंगला होती. ती गिऱ्हाइकांशी कशी बोलते ते गुपचूप बघून या, असं सांगून त्यांनी गुरुवारी सकाळी नवऱ्याला मुरुमहून एसटीत बसवून दिलं.

आबाराव निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं परक्या दारांत उभं राहण्यात गेली, पण त्या दुकानात शिरताना ते बिचकले. चार काउंटरवर चार मुली, चौघींना सारखाच निळा शर्ट, सारखीच टोपी. त्यातली श्रावस्ती कोण? जवळ जाऊन निरखावं, तर या वयात ते बरं दिसलं नसतं. शिवाय काउंटरवरची माणसं गाव विचारतात, मुरुम म्हटलं की पाहुणे निघतात, आणि मग गुपचूप काही राहत नाही.

तेवढ्यात त्यांना कोपऱ्यात दोन मशीनं दिसली. तिथं गिऱ्हाईक स्वतःच बिल करत होतं. ना कुणी नाव विचारत होतं, ना तोंड वर करून बघत होतं. आणि तिथून चारही काउंटर समोर. आबारावांनी साबणाची एक वडी उचलली आणि मशीनपुढं जाऊन उभे राहिले.

पुढच्याचं बघून त्यांनी वडी काचेवर धरली. टुंग वाजलं. खूश होऊन त्यांनी खांद्यावरची पिशवी शेजारच्या फळीवर टेकवली आणि मशीन खणखणीत आवाजात बोललं, "अनपेक्षित वस्तू आढळली. कृपया मदतीची वाट पाहा." वर लाल दिवा लागला. दुकानातली निम्मी माणसं वळून बघायला लागली.

"काका, तुमची पिशवी खाली ठिवा. त्या फळीला वजन कळतंय," मागून आवाज आला.

आबारावांनी मान वळवली. दिवा बघून काउंटर सोडून आलेली मुलगी. निळा शर्ट, आणि त्यावरच्या पट्टीवर नाव, श्रावस्ती. जिला लांबून बघायचं, ती हातभर अंतरावर उभी होती. त्यांनी घाईघाईनं रुमाल तोंडाला लावला आणि उगाच खोकले. तिनं कार्ड टेकवून दिवा विझवला आणि बाजूला जाऊन हातातल्या यंत्रात काहीतरी बघत उभी राहिली.

आबारावांनी वडी फळीवर अलगद ठेवली. पुन्हा लाल दिवा. यावेळी ती सावकाश आली, दिवा विझवून गेली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, तर तिसऱ्यांदा तेच. मागं रांग लागली होती. एक जण तिच्यावरच खेकसला, की मशीन चालवता येत न्हाय तर ठिवता कशाला. आबाराव स्वतःचा त्रास विसरले. ते वळून म्हणाले, "तिला का बोलताव? चूक माजी हाय. म्या लई दिवसांनी नवं शिकायलोय. तुमी व्हा पुढं."

असं म्हणून त्यांनी वडी तिथंच सोडली, पिशवी उचलली आणि दाराकडं निघाले. पण दारही त्याच मशीनचं भावंड होतं. बिल दाखवल्याशिवाय उघडेना. तिथला रखवालदार कोंडीराम पुढं आला. काही न घेता, घाम पुसत निघालेला म्हातारा बघून त्याला शंका आली. त्यानं पिशवीत हात घातला. भाकरीच्या डब्याखालून एक पाकीट निघालं आणि पाकिटातून श्रावस्तीचा फोटो. ओळखायला चुकू नये म्हणून मुक्ताबाईंनी तो न सांगता घालून दिला होता.

कोंडीरामनं फोटो बघितला, मशीनजवळच्या श्रावस्तीकडं बघितलं, मग आबारावांकडं. "हा फोटो तुमच्याजवळ कसा?" त्याचा आवाज बदलला होता.

खरं सांगितलं तर सुटका होती. पण भोवती माणसं जमलेली. रविवारी जमलं नाही, तर लोकांची कुजबुज ऐकत याच दुकानात रोज तिलाच उभं राहायचं होतं. "सापडला मला," ते एवढंच म्हणाले आणि पुढं जे होईल ते सोसायला खाली मान घालून उभे राहिले.

"मामा, सोडा त्यांना," श्रावस्ती म्हणाली. "आमचे पाहुणे हायेत. रविवारी घरी यायलेत."

तिनं फोटो पाकिटात घातला, पाकीट पिशवीत ठेवलं आणि त्यांना दाराबाहेर घेऊन आली. आबारावांनी विचारलं, कधी ओळखलं. दुकानात शिरलात तेव्हाच, ती म्हणाली. बायोडाट्याबरोबर घरच्यांचा फोटो आला होता, त्यात ते मधोमध बसले होते.

मग ती जरा घुटमळली. "एक सांगू का? रागवू नका. पयला दिवा तुमच्या पिशवीनं लावला. पुढचे दोन म्या लावले, ह्या यंत्रावरून. पोरगा कसाय ते बोलून कळंल. पण सासरा कसाय, हे कुठं बघायला मिळतंय?"

आबारावांच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला, की त्यांचं त्यांनाच हसू आलं. म्हणजे आपण अगदीच अडाणी ठरलो नव्हतो.

स्टँडवर पोचेपर्यंत मुक्ताबाईंचे चार फोन येऊन गेले होते. पाचवा त्यांनी उचलला. पोरगी कशी वाटली, पसंत आहे का, बाईंनी एका दमात विचारलं.

"आपलं काय घिऊन बसलीस," आबाराव म्हणाले. "तिनं मला पसंत केलंय. आता रविवारी तू नीट वाग म्हंजे झालं."